पणजीचे सार्वजनिक ग्रंथालय आणि आमचे पुराण

आमच्या धर्मग्रामाच्या सुवर्णमहोत्सवाची सिद्धता सुरू झाली तेव्हा समितीपुढे जे नाना विषय आले, त्यांत एक अगदीच किरकोळ होता. देवळाच्या मागे, सभागृहास लागून, एक लहानशी खोली आहे. धर्मग्राम नवा होता त्या काळी काही उत्साही तरुणांनी घरोघर फिरून पुस्तके गोळा केली, दोन लाकडी कपाटे मिळविली आणि दारावर ‘वाचनालय’ अशी पाटी लावली. पाटी अजून आहे. वाचक मात्र कधी नाहीसे झाले हे कोणास नेमके सांगता येईना. आणि किल्ली कोणाकडे आहे याचा शोध लागावयास दोन रविवार गेले. महोत्सवासाठी नव्या खुर्च्या व मंडपाचे सामान येणार, ते ठेवण्यास जागा हवी, सबब ही खोली रिकामी करावी, अशी सूचना पुढे आली. तीस कोणी विरोध केला नाही. तथापि अनुमोदन देण्यासही कोणाचा हात लवकर वर झाला नाही. विषय पुढील सभेवर टाकण्यात आला.

दरम्यान जुन्या गोव्यात संत फ्रान्सिस झेवियर यांच्या पवित्र देहावशेषांचा दर्शनसोहळा आला. २०२४ च्या नोव्हेंबरात सुरू झालेला हा सोहळा २०२५ च्या जानेवारीच्या आरंभापर्यंत चालला. आमच्या धर्मग्रामातील काही मंडळी यात्रेस गेली, त्यांत आम्हीही होतो. परतीच्या दिवशी पणजीस अर्धा दिवस मोकळा मिळाला. बहुतेक मंडळी बाजाराकडे वळली. आम्ही चौघे मात्र बसस्थानकाच्या जवळच, पाट्टो भागात, एका मोठ्या इमारतीत शिरलो. ते होते ‘कृष्णदास शामा गोवा राज्य मध्यवर्ती ग्रंथालय’. विद्येच्या ओढीने शिरलो असे म्हणावयास आम्हांस आवडले असते. परंतु खरे सांगावयाचे तर उन्हातून आल्यामुळे घटकाभर पंख्याखाली बसावे, इतकाच हेतू होता. कोणी अडविले नाही, कोणी वर्गणीची पावती मागितली नाही. आम्ही बसलो, वर्तमानपत्र हाती घेतले, आणि मग एकेक गोष्ट विचारीत सुटलो. त्या दिवशी तेथे जे कळले, आणि घरी परतल्यावर जे वाचून काढले, ते येथे वाचकांपुढे ठेवीत आहो. कारण या ग्रंथालयाची कथा परक्या गावची नव्हे. ती आपल्याच घरच्या अनेक गोष्टींशी, काही सुखाच्या आणि काही सलणाऱ्या गोष्टींशी, गुंतलेली आहे.

या ग्रंथालयाची स्थापना १८३२ सालच्या सप्टेंबर महिन्याच्या १५ तारखेची. गोव्याचे त्या वेळचे व्हाइसरॉय दों मानुएल द पोर्तुगाल इ कास्त्रू हे बांधकामाचे मोठे हौशी होते. पणजीतील दलदल भरून काढणे, सरळ रस्ते आखणे, मोठ्या इमारती उठविणे हे उद्योग त्यांनी केले. जुने गोवे रोगराईने केव्हाच ओस पडत आले होते. त्याची जागा घेणाऱ्या या नव्या शहरात त्यांनी ‘पुब्लिका लिव्रारीया’, म्हणजे सार्वजनिक पुस्तकसंग्रह, या नावाने ग्रंथालय उघडले. पणजीस राजधानीचा दर्जा रीतसर मिळाला तो १८४३ साली. म्हणजे येथे ग्रंथालय आधी आले आणि राजधानी मागून आली! असा क्रम आमच्या ऐकण्यात दुसरा नाही.

‘सार्वजनिक’ या शब्दाने वाचकांनी हुरळून जाऊ नये. आरंभी हे ग्रंथालय लष्करी विद्यालयाशी जोडलेले होते. त्यातील पुस्तके पोर्तुगीज, लॅटिन, फ्रेंच अशा भाषांतली. शेतात राबणारा कुणबी किंवा होडी वल्हविणारा खारवी त्या दारातून आत गेला असेल असे मानण्यास काही आधार नाही. तरीपण नाव एकदा दारावर लागले की ते आपले काम हळूहळू करीत राहते. आज ना उद्या कोणी तरी येऊन विचारतोच की, हे सार्वजनिक, तर मग मी कोण?

स्थापनेनंतर दोनच वर्षांनी ती घटना घडली, जिच्यामुळे या संग्रहाचे रूप पालटले आणि जिचा उल्लेख कॅथोलिक माणसास शांतपणे करता येत नाही. १८३४ च्या मे महिन्यात लिस्बनच्या सरकारने पुरुषांचे सर्व धर्मसंघ बरखास्त करण्याचा हुकूम काढला. गोव्यात त्याची अंमलबजावणी १८३५ त झाली. फ्रान्सिस्कन, डोमिनिकन, ऑगस्टिनियन, सर्वांस आपापले मठ सोडावे लागले. जमिनी, भांडीकुंडी, चित्रे, सारे सरकारजमा झाले. जुन्या गोव्यास जाणाऱ्या यात्रेकरूस टेकडीवर संत ऑगस्टीन यांच्या देवळाचा अर्धा तुटलेला उंच मनोरा दिसतो. तो मठ १८३५ त ओस पडला. सात वर्षांत, १८४२ मध्ये, देवळाचे छत कोसळले. आणि १९३१ साली मनोऱ्याचा व दर्शनी भिंतीचा मोठा भाग ढासळला. माणसे घालविली की दगडही फार काळ उभे राहत नाहीत. परंतु मठांतील पुस्तके पणजीच्या ग्रंथालयाकडे नेण्यात आली, आणि ज्यांच्या डोक्यावरील छत गेले त्यांचे ग्रंथ मात्र दुसऱ्या छताखाली राहिले.

यास काय म्हणावे? अन्याय तो अन्यायच. ज्यांनी दोन-तीन शतके ती पुस्तके जपली, त्यांस एका हुकुमाने रस्त्यावर काढले, ही गोष्ट पुढे काही चांगले निष्पन्न झाले म्हणून न्याय्य ठरत नाही. तथापि मनास आणखी एक प्रश्न विचारल्यावाचून राहवत नाही. मठाच्या भिंतीआड ती पुस्तके होती तेव्हा आमच्यासारख्या माणसांपैकी किती जणांस त्यांचे दर्शन घडले असते? आणि त्याही मागे गेले तर दुसरा प्रश्न उभा राहतो, जो आम्हां कॅथोलिकांनीच विचारावयास हवा. सोळाव्या शतकात गोव्यातील देवळे पाडली गेली तेव्हा तेथील हिंदू लोकांचे धर्मग्रंथही घराघरांतून काढून नेण्यात आले. पुस्तके हिरावून घेतल्याचे दुःख काय असते हे १८३५ त आमच्या मठवासीयांना कळले. गोव्यातील ब्राह्मणांना ते पावणेतीनशे वर्षे आधी कळले होते. हे लिहिताना आमची लेखणी अडखळते. परंतु महोत्सवाच्या पुस्तिकेत केवळ पताकाच लावावयाच्या असे थोडेच आहे?

येथून आमच्या पुराणाची गोष्ट सुरू होते.

गोव्यात छापखाना आला १५५६ साली. तो निघाला होता ॲबिसिनियास, पण वाटेत गोव्यास उतरला आणि येथेच राहिला. भारतातला हा पहिला छापखाना, संत पौलाच्या विद्यालयात येशूसंघीयांनी चालविला. वैद्यराज गार्सिया द ओर्ता यांचा औषधी वनस्पतींवरील प्रसिद्ध ग्रंथही १५६३ त गोव्यातच छापला गेला. पुढे १५७९ त येशूसंघातले एक इंग्रज गोव्यास आले. फादर थॉमस स्टीफन्स हे त्यांचे नाव. त्यांनी चाळीस वर्षे येथे घालविली, त्यांतील बहुतेक गोव्याच्या साष्टी भागात, आणि १६१९ त येथेच देह ठेवला. मराठी भाषेवर त्यांचा जीव जडला. ज्यांचे जुने ग्रंथ काढून घेतले गेले होते, त्या नव्या ख्रिस्ती लोकांनी त्यांच्याकडे तक्रार केली की, आमची पुराणे तर गेली. आता आमच्या मनास रमविणारे, ऐकत बसावे असे, तुम्ही काय देता? ग्रंथाच्या आरंभीच हा प्रसंग आला आहे. स्टीफन्स यांनी त्या मागणीस जे उत्तर दिले ते म्हणजे ‘क्रिस्तपुराण’: जवळजवळ अकरा हजार ओव्या, मराठीत, आपल्या संतकवींच्या वळणाने रचलेल्या. १६१६ त ते रायतूर येथे छापले गेले.

ते छापले मात्र रोमन लिपीत. देवनागरी ठसे पाडण्याची परवानगी स्टीफन्स यांनी १६०८ मधील पत्रात रोमच्या वरिष्ठांकडे मागितली होती. अक्षरांचे प्रकार शेकडो, त्यामुळे ठसे पाडणे अवघड, ही अडचणही त्यांनी नमूद केली होती. ठसे झाले नाहीत. आमच्या मते मराठी ग्रंथमुद्रणाच्या इतिहासातील ही मोठी हुकलेली वेळ होय. कारण देवनागरीत मराठी पुस्तक छापले जाण्यास पुढे दोनशे वर्षे जावी लागली.

आता वाचकांनी त्या काळचे चित्र डोळ्यांपुढे आणावे. रविवार किंवा सणाचा दिवस. मिस्सा आटोपली आहे. लोक घरी न जाता देवळात वा देवळाच्या पुढील सोप्यावर बसले आहेत. एक जण ओव्या म्हणतो आहे, बाकीचे ऐकत आहेत. ज्यास अक्षर येते तो वाचतो. ज्यास येत नाही त्यास ऐकून पाठ होते. शंभर माणसांत पुस्तक एक, आणि तरी कोणी उपाशी नाही! आज सार्वजनिक ग्रंथालय हे केवळ पुस्तकांचे कोठार नसून लोकांनी एकत्र येण्याचे व शिकण्याचे स्थान असावे, असे पुष्कळ लिहिले-बोलले जाते. आमच्या पूर्वजांनी ते देवळाच्या सोप्यावर चालविले होते. वसई-ठाण्याकडील ख्रिस्ती लोकांनाही असे पुराण लाभले होते: फ्रान्सिस्कन धर्मगुरू फ्रान्सिस्कु वाझ द गिमाराइन्श यांनी सतराव्या शतकात येथील बोलीत रचलेले, आणि एकोणिसाव्या शतकात मुंबईत पुन्हा छापलेले.

क्रिस्तपुराणाच्या आणखी दोन आवृत्त्या, १६४९ व १६५४ मध्ये, निघाल्या. त्यानंतर काळ फिरला. १६८४ त व्हाइसरॉय कोंद द आल्व्होर यांनी हुकूम काढला की, लोकांनी तीन वर्षांच्या आत देशी भाषा टाकून पोर्तुगीज बोलावयास शिकावे. लोक भाषा टाकतात थोडीच! पण छापखान्यातून देशी पुस्तके निघणे थांबले. पुढे छापखानाच राहिला नाही, आणि गोव्यात पुन्हा मुद्रण सुरू व्हावयास १८२१ साल उजाडावे लागले. त्या मधल्या काळात काय झाले? क्रिस्तपुराणाच्या तीन छापील आवृत्त्यांपैकी एकही प्रत आज कोठे उरलेली ज्ञात नाही. एकही नाही. मठांच्या ग्रंथसंग्रहांत नाही, लिस्बनमध्ये नाही, रोममध्ये नाही.

मग ते पुराण आज आमच्या हाती कसे आले? साध्या माणसांनी हातांनी नकला करून ठेविल्या म्हणून. गोव्यातून मंगळूरकडे गेलेल्या ख्रिस्ती कुटुंबांनी त्या वह्या सोबत नेल्या. टिपू सुलतानाच्या काळी मंगळूरच्या ख्रिस्ती लोकांस श्रीरंगपट्टणास बंदिवासात नेण्यात आले, त्या कठीण दिवसांत याच ओव्यांनी त्यांस धीर दिला, असे त्या समाजात सांगत आले आहेत. अशा घरगुती हस्तलिखितांवरून जोसेफ एल. साल्ढाणा यांनी १९०७ साली मंगळूर येथे रोमन लिपीत ग्रंथ छापून काढला. पुढे १९२० नंतरच्या दशकात, मराठी संतांच्या चरित्रांचे इंग्रजीत भाषांतर करणारे अमेरिकन मिशनरी जस्टिन अ‍ॅबट यांनी लंडनच्या एका ग्रंथालयातील, विल्यम मार्सडेन यांच्या संग्रहातील, देवनागरी हस्तलिखिताकडे विद्वानांचे लक्ष वेधले. १९५६ त शांताराम बंडेलू यांनी पुण्याहून ग्रंथ देवनागरीत छापला. १९९६ त फादर कारिदाद द्रागो यांची देवनागरी आवृत्ती आली. जी गोष्ट स्टीफन्स यांनी १६०८ त मागितली, ती साडेतीनशे वर्षांनी हाती आली.

असो. या विषयात आम्ही रेंगाळलो खरे, पण पणजीच्या ग्रंथालयाच्या नावाचे कोडे याशिवाय उलगडत नाही. कृष्णदास शामा हे कोण? हे गोव्याच्या केळोशी गावचे कवी. त्यांनी १५२६ त श्रीकृष्णाचे चरित्र मराठी ओव्यांत रचले. हिंदू ग्रंथ जप्त करणाऱ्यांपैकीच काही येशूसंघीयांनी, लोकांची भाषा शिकावी म्हणून, रामायण-महाभारतातील कथा आणि मराठी काव्ये रोमन लिपीत उतरवून घेतली. एका हाताने पुस्तक काढून घेतले आणि दुसऱ्या हाताने त्याची नक्कल केली! मनुष्यस्वभाव असा दुपेडी असतो. त्या वह्या पुढे पोर्तुगालला गेल्या आणि ब्रागा शहराच्या सार्वजनिक ग्रंथालयात ७७१ व ७७२ या क्रमांकांनी आजवर जपलेल्या आहेत. कृष्णदास शामा यांच्या नावावर असलेले लेखन आपणांस ज्ञात आहे ते मुख्यतः या ब्रागाच्या वह्यांमुळे. आणि ब्रागाचे ते ग्रंथालय १८४१ साली कशातून उभे राहिले? १८३४ च्या त्याच हुकुमाने बंद पडलेल्या मठांच्या पुस्तकांतून. म्हणजे मठवासीयांच्या पुस्तकांनी मोठ्या झालेल्या पणजीच्या ग्रंथालयावर आज ज्या हिंदू कवीचे नाव आहे, त्याचे शब्द मठवासीयांच्याच पुस्तकांनी उभ्या राहिलेल्या दुसऱ्या एका ग्रंथालयाने राखले. कोणी कोणाचे राखले याचा हिशेब मांडू जाता आम्हांस तरी तो सुटत नाही.

ग्रंथालय म्हटले की पुस्तकांचे नाव होते, ग्रंथपालाचे कोणी घेत नाही. म्हणून एका ग्रंथपालाविषयी चार शब्द लिहितो. पोर्तुगालमधील एव्होरा येथे आर्चबिशप सेनाकुलु यांनी १८०५ त सार्वजनिक ग्रंथालय स्थापन केले होते. हे आर्चबिशप स्वतः फ्रान्सिस्कन. (मठांची पुस्तके सरकारने जबरीने ‘सार्वजनिक’ करण्याच्या तीस वर्षे आधी एका मठवासी धर्माध्यक्षाने ती आपण होऊन केली होती, हे विसरता कामा नये.) त्या ग्रंथालयाचे काम १८३८ पासून पाहणारे कुन्हा रिव्हारा १८५५ त गोव्याच्या गव्हर्नर जनरलचे चिटणीस होऊन पणजीस आले. सरकारी चिटणीस पुष्कळ आले आणि गेले. या गृहस्थाची ग्रंथपालाची दृष्टी मात्र सुटली नाही. जुनी दप्तरे चाळून ती छापण्याचे काम त्यांनी १८५७ पासून हाती घेतले. त्याच साली फादर स्टीफन्स यांचे विस्मृतीत गेलेले व्याकरण त्यांनी पुन्हा छापले, आणि १८५८ त कोंकणी भाषेच्या इतिहासावर निबंध लिहून, १६८४ च्या त्या हुकुमाने भाषेची काय हानी केली हे पोर्तुगीज असूनही निर्भीडपणे मांडले. गोव्यातील तरुणांनी आपल्या मातृभाषेची कास धरावी असा त्यांचा आग्रह होता. परदेशी राज्याच्या चिटणिसाने आपल्याच राज्याच्या जुन्या हुकुमाविरुद्ध साक्षी पुरावा काढून द्यावा, हे ज्या मनाने केले ते मन कपाटांच्या सहवासात घडले होते, असे आम्ही समजतो.

पुढील हकिगत थोडक्यात. १८९७ त ग्रंथालयास ‘नोव्हा गोवाचे राष्ट्रीय ग्रंथालय’ असा दर्जा मिळाला. १९२५ त ते वास्को द गामा संस्थेशी जोडले गेले. हीच संस्था आज मिनेझिस ब्रागांझा यांच्या नावाने ओळखली जाते, आणि तिच्या प्रवेशदालनातील निळ्या-पांढऱ्या चित्रफरशा पाहण्यास आजही लोक जातात. त्या वास्तूत ग्रंथालय पुष्कळ वर्षे राहिले. १९६१ च्या डिसेंबरात गोवा मुक्त झाला. त्यानंतर मराठी, कोंकणी, इंग्रजी, हिंदी पुस्तकांस दारे उघडली आणि वाचकांचा वर्ग पार बदलून गेला. १९९३ त गोवा विधानसभेने सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा केला. २०१२ त ग्रंथालय पाट्टो येथील संस्कृती भवन या नव्या इमारतीत आले.

तेथे आम्ही जे पाहिले ते सांगतो. तळाकडील भागात वर्तमानपत्रे वाचीत बसलेली वृद्ध मंडळी. त्यांतील एक गृहस्थ आधी मराठी पत्र वाचून मग तीच बातमी इंग्रजी पत्रात ताडून पाहत होते, आणि दोहोंतील फरक शेजाऱ्यास हळू आवाजात समजावीत होते. मुलांसाठी निराळा विभाग. तेथे शांतता राखण्याचा प्रयत्न चालू होता एवढेच म्हणता येईल. डोळ्यांनी अधू असलेल्यांसाठी ब्रेल पुस्तकांची सोय. एका दालनात स्पर्धा-परीक्षांची तयारी करणारे तरुण-तरुणी रांगेने बसलेले. त्यांतील एका मुलीस आम्ही विचारले, घरी अभ्यास होत नाही काय? ती म्हणाली, “घरी खोली एकच आहे.” आमच्या मनात तिचे ते चार शब्द, सर्व पाहून झाल्यावरही, राहिले. जुन्या ग्रंथांचा विभाग वेगळा. तेथे वाळवी, ओल आणि काळ यांच्याशी झुंज चालते. ज्या ग्रंथांवर मठांच्या खुणा आहेत ते आणि ही एका खोलीत राहणारी मुलगी, दोघेही एकाच छपराखाली! १८३२ त दारावर लावलेल्या ‘सार्वजनिक’ या शब्दाचा अर्थ पुरा व्हावयास किती काळ लागला, हे त्या वेळी ध्यानात आले.

आमच्या बाजूस, महाराष्ट्रात, ग्रंथालयांची चाल थोडी निराळी. रत्नागिरीचे नगर वाचनालय १८२८ चे, पुण्याचे १८४८ चे. ही बहुतेक गावातील चार प्रतिष्ठितांनी एकत्र येऊन वर्गणीवर चालविलेली. १९६७ च्या कायद्याने त्यांस सरकारी अनुदान मिळू लागले, तरी वर्गणी राहिलीच. यात लोकांचे स्वतःचे कर्तृत्व दिसते, ही मोठी गोष्ट. परंतु वर्गणी म्हटली की उंबरठा आला. हा उंबरठा काढून टाकण्याचे धाडस केले ते बडोद्याच्या सयाजीराव गायकवाडांनी. नाशिक जिल्ह्यातील कवळाणे गावच्या शेतकऱ्याचा हा मुलगा १८७५ त दत्तक गेला तेव्हा निरक्षर होता. त्याने पुढे १९१० मध्ये अमेरिकेहून विल्यम बॉर्डन नावाच्या ग्रंथपालास बोलावून संपूर्ण राज्यात फुकट ग्रंथालयांची योजना आखली. गावाने एक हिस्सा जमवावा, एक हिस्सा जिल्हा मंडळाने द्यावा, एक हिस्सा राज्याने. आणि जेथे तेवढेही जमत नाही तेथे पुस्तकांनी भरलेली लाकडी पेटी पाठवावी, वाचून झाली की ती दुसऱ्या गावी जावी! पेटीची ही कल्पना आम्हांस फार आवडली. खोली नसेल तर नसो. पेटीस किती जागा लागते?

परतल्यावर पुढील सभेत आम्ही हे सारे सांगितले. थोडे लांबण लागले असे अध्यक्षांनी सौम्यपणे सुचविलेही. अखेरीस असे ठरले की, आधी कपाटे उघडून पाहावीत. एका शनिवारी ती उघडली. एका कपाटातील पुस्तके वाळवीने जवळजवळ सर्व खाल्ली होती. बाहेर काढताच हातात माती आली. ज्यांनी ती घरोघर फिरून जमविली होती त्यांपैकी एक काका तेथे उभे होते. ते काही बोलले नाहीत, केवळ पुठ्ठ्यांवरील नावे वाचीत राहिले. दुसऱ्या कपाटातील पुस्तके बरीचशी शाबूत निघाली: संतचरित्रे, जुन्या मासिकांचे अंक, कादंबऱ्या, शेतीवरील काही पुस्तके, मुलांच्या गोष्टी. त्यांच्या मागे, कागदात गुंडाळलेली, हाताने लिहिलेली एक वही मिळाली. तीत लग्नातील गाणी, उपवासकाळात म्हणावयाच्या दुःखसहनाच्या ओव्या आणि काही प्रार्थना, आपल्या बोलीत, सुवाच्य देवनागरी अक्षरांत उतरवून घेतलेल्या आहेत. नाव नाही, तारीख नाही.

खुर्च्या जिन्याखाली मावल्या. खोली झाडून, भिंतीस चुना लावून, दर रविवारी दुसऱ्या मिस्सेनंतर दुपारच्या बारापर्यंत उघडी ठेवण्याचे ठरले आहे. दहावीच्या मुलांसाठी संध्याकाळीही दोन तास दिवा लावावा असा विचार आहे. वर्गणी नाही. ज्या वाड्या देवळापासून दूर आहेत तेथे महिन्यातून एकदा पुस्तकांची पेटी नेण्यास दोन तरुण तयार झाले आहेत. ती वही टेबलावर ठेविली आहे. मंडळींनी येऊन तीतील अक्षर पाहावे, आणि कोणाच्या आईचे, आजीचे वा मावशीचे ते आहे असे ओळखू आल्यास फादरांना किंवा समितीस कळवावे.